घरी न्या, सेवा करा

अभ्यासपाठ : मंडळी, स्त्री-संघ व तरुण संघ यांच्यासाठी
वाचनभाग : लूक १०:२५–३७, ईयोब २:११–१३, मार्क १४:३२–४२



या अंकातला पाठ थोडा जड आहे. तो घरी एकट्याने वाचण्यापेक्षा चार-सहा जणांनी मिळून वाचावा अशी माझी विनंती आहे. विषय आहे मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाची सेवा. बरे होण्याची आशा जेव्हा डॉक्टरांनी सोडलेली असते, तेव्हा मंडळीने काय करायचे, हा आजचा प्रश्न.

मला न आलेले उत्तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा होता. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची साठीतली आजी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात होती. कर्करोग शरीरभर पसरला होता. सोबत तिचा मुलगा. तो दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जायचा, पण आईसाठी काम सोडून आला होता. सहा दिवस तो कॉरिडॉरमध्ये गोधडी टाकून झोपला. सातव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, “आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा.”

मुलाने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “ताई, सेवा म्हणजे काय करायचं?”

मला उत्तर आले नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका माझ्याकडे होती, पाड्यांवरच्या कामाचा कित्येक वर्षांचा अनुभव होता. तरी मी एवढेच म्हणाले, “आपण प्रार्थना करू.” प्रार्थना केली, जीप ठरवून दिली, भाड्याचे पैसे दिले आणि माझे काम झाले असे समजून नाशिक रोडला घरी आले. सावळघाट ओलांडल्यावर आजी जीपमध्येच गेली. पुढे भेटायला गेले तेव्हा मुलगा म्हणाला, “आईनं वाटेत पाणी मागितलं होतं. ठसका लागंल म्हणून मी दिलं नाही.” हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्याच्या हातात ओला कापूस दिला असता आणि ओठ कसे भिजवायचे हे दोन मिनिटांत दाखवले असते, तर त्याच्या मनावर आज हे ओझे नसते. ते दाखवायला डॉक्टर लागत नाही. मी दाखवले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते.

डॉक्टरांच्या त्या वाक्याचे दोन भाग आहेत. ‘घरी न्या’ हा पहिला. तो रुग्णालयाने सांगितला आणि रुग्णालयाचे काम तिथे संपले. ‘सेवा करा’ हा दुसरा. तो कोण शिकवणार? माझे म्हणणे असे की हा दुसरा भाग मंडळीने उचलण्याचा आहे. आजच्या पाठात एवढेच सांगायचे आहे.

वचन काय शिकवते

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. आज त्यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले आणि ती रात्र तो स्वतः तिथे थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन नाणी दिली, पुढचा खर्चही कबूल केला, आणि मग तो निघाला. उपासनेत आपण शोमरोन्याचे कौतुक करतो, पण पुढचे दिवस त्या माणसाचे अंथरूण बदलणारा उतारशाळेचा मालकच होता. त्याचे नाव कोणाला माहीत नाही.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. तो जखमी माणूस वाचला की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. शेजारी कोण ठरला, एवढेच प्रभूने विचारले. सेवेचे मोल रोगी बरा झाला की नाही यावर ठरत नाही.

ईयोबाचे मित्र पुढे पुष्कळ चुकीचे बोलले. पण सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे ते सात दिवस बरोबर होते. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने शिष्यांकडे एकच मागणे केले, की जवळ थांबा आणि जागे राहा. त्यांच्याने तेवढेही झाले नाही. मरणाला सामोऱ्या जाणाऱ्याजवळ जागे राहणे ही छोटी सेवा नव्हे.

आपल्याच नाशिकची आठवण

नाशिकमध्ये शरणपूर रोडने आपण रोज जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वसाहत उभारली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आसरा मिळाला, शाळा मिळाली, हातात कसब आले. ‘शरण’ हा शब्द त्या जागेच्या नावातच आहे.

तिथे शिकलेले काही तरुण पुढे डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेले. १८७३ साली, आज झांबिया देशात असलेल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन शेवटच्या आजारात होते. स्वतः डॉक्टर असूनही आता औषधाने काही होण्यासारखे राहिले नव्हते. सोबतच्या माणसांनी पावसात त्यांच्यासाठी गवताची झोपडी बांधली, जमिनीपासून उंच असे काटक्यांचे व गवताचे अंथरूण केले, आणि एक मुलगा दाराशी झोपत असे. मे महिन्याच्या सुरुवातीला लिव्हिंगस्टन गेले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथे झाडाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटने. मग त्यांनी तो देह सुमारे दीड हजार किलोमीटर चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले तेव्हा जेकब तिथे हजर होता.

ज्यांना एके काळी शरण मिळाली, त्यांनी दुसऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्याच्यासाठी झोपडी बांधली. कोरडी जागा, उंच अंथरूण आणि दाराशी जागे राहणारे कोणी, एवढेच त्या झोपडीत होते. आजही मरणाऱ्याला मुख्यतः हेच लागते.

अशी घरे कोठे आहेत

काशीत १९५८ पासून ‘मुक्ती भवन’ आहे. काशीत देह ठेवावा अशी श्रद्धा असलेले लोक आपल्या आप्ताला तिथे घेऊन येतात. तिथे उपचार नाहीत. साधी खोली आहे, भजन आहे, घरचे लोक जवळ असतात. साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. श्रद्धा आपली नसेल, पण शेवटच्या दिवसांसाठी घर हवे हे आपल्या देशाला परके नाही, एवढे यावरून कळते.

१९५२ साली मदर तेरेसांनी कोलकात्यात कालीघाटला ‘निर्मल हृदय’ सुरू केले. कालीमंदिराशेजारची यात्रेकरूंची धर्मशाळा महापालिकेने त्यासाठी दिली. रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला निदान स्वच्छ चादर आणि हातात हात मिळावा, हा हेतू होता.

इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या, आणि त्यानंतर डॉक्टर. ख्रिस्ती विश्वासातून त्यांनी हे काम केले. त्यांनी शिकवले की मरणाऱ्याची वेदना फक्त शरीराची नसते. मनाची भीती असते, घरादाराची आणि पैशाची चिंता असते, देवाबद्दलचे प्रश्नही असतात. या चारही वेदना एकत्रच येतात, म्हणून सेवाही चारही बाजूंनी हवी.

आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा या कर्करोग शल्यचिकित्सकांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. बरे होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोग्यांना तिथे जात-धर्म न पाहता विनामूल्य ठेवतात. पुढे गोव्यात लोटली येथेही त्यांचे सदन झाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे वेदनाशमन केंद्र आहे. तिथे रोग्याबरोबर घरच्या माणसालाही ठेवून सेवा शिकवतात.

केरळने निराळी वाट धरली. मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत गल्लोगल्लीच्या सामान्य लोकांनी प्रशिक्षण घेऊन खाटेवरच्या रोग्यांच्या घरी जायला सुरुवात केली. शाळेतली मुले, दुकानदार, मजूर यांनी थोडे थोडे पैसे दिले. नर्स घरी जाते, बाकीचे काम शेजारी करतात. २००८ साली केरळ सरकारने यासाठी धोरणच जाहीर केले. भारतातले असे ते पहिले राज्य.

आणखी एक उदाहरण लहान मंडळ्यांसाठी मुद्दाम देते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टर शहराच्या परिसरात नेहमीच्या वस्तीतली साधी घरे आहेत. प्रत्येक घरात फक्त दोन खाटा. ज्यांना घर नाही, किंवा घरी बघणारे कोणी नाही, असे मरणोन्मुख लोक तिथे येतात. स्वयंपाक, अंघोळ, रात्रीची सोबत हे सारे स्वयंसेवक करतात. औषधाचे काम बाहेरून येणारी हॉस्पिसची नर्स बघते. ते घर म्हणजे रुग्णालय नव्हे, रोग्याने थोड्या दिवसांसाठी उसने घेतलेले घर आहे. दोन खाटा म्हटल्यावर आपल्याला भीती वाटायचे कारण नाही.

‘औषधाविना’ म्हणजे वेदनेत ठेवणे नव्हे

इथे एक सावधगिरीची गोष्ट. १९९४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स कालीघाटला जाऊन आले आणि त्यांनी लिहिले की तिथे प्रेम आहे, स्वच्छता आहे, पण तीव्र वेदनेवर पुरेसे औषध नाही. ही टीका आपल्याला बोचते. तरी तिच्यातून शिकले पाहिजे. वेदना कमी करता येत असताना ती सोसायला लावणे ही ख्रिस्ती सेवा नव्हे. प्रभूने आपल्यासाठी दुःख सोसले म्हणून आजीनेही कण्हत राहावे, असे वचनात कुठेही नाही.

म्हणून आपले काम आणि डॉक्टरचे काम यांची हद्द पक्की ठेवू. औषध आपण द्यायचे ठरवायचे नाही, बदलायचे नाही, थांबवायचेही नाही. पण वेदना दिसली तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. महाग नसतात, पण मान्यता असलेल्या ठिकाणीच मिळतात. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या मिळण्याची वाट थोडी सोपी झाली. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतल्या तर त्या मरण ओढवून आणत नाहीत. त्यांनी पोट मात्र साफ होत नाही, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लागते. तेही डॉक्टरांकडून मागून घ्यावे.

घरी सोडताना रुग्णालयात तीन प्रश्न विचारायला प्रत्येक कार्यकर्त्याने शिकावे. वेदना वाढली तर काय द्यायचे? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? आमच्या भागात वेदनाशमनाची, म्हणजे पॅलिएटिव्ह सेवेची, नर्स किंवा बाह्यरुग्ण विभाग कुठे आहे? मी त्या दिवशी यातला एकही विचारला नव्हता.

खाटेजवळची कामे

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. पुढची कामे कोणालाही शिकता येतात. नर्सकडून एकदा हाताने करून बघावीत.

तोंड : रोगी पाणी गिळू शकत नसेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून, पिळून, ओठ आणि जिभेचे टोक भिजवावे. तासा-दीड तासाने पुन्हा. ओठांना थोडे खोबरेल लावावे.

कूस : स्वतः हलता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी. माकडहाड, टाचा, कोपर, खांदे इथे कातडी लाल झाली का ते रोज बघावे. चादरीला सुरकुती नको. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या गुडघ्यांमध्ये आणि टाचांखाली ठेवाव्यात.

खाणे : पूर्ण जागा असेल आणि गिळता येत असेल तरच, डोके उंच करून, नागलीच्या पेजेचे दोन चमचे. नको म्हटले तर आग्रह नको. शेवटच्या दिवसांत भूक जाते, कारण शरीराला अन्न पेलत नाही. माणूस न खाल्ल्याने मरत नसतो, मरत असतो म्हणून खात नाही. हे घरच्यांना हळुवारपणे सांगावे लागते.

सलाईन : पाड्यावर सलाईन लावले की बरे वाटते असा समज आहे. त्यासाठी शेळी विकलेली मी पाहिली आहे. अगदी शेवटी सलाईनचे पाणी शरीरात साचून सूज येते, धाप वाढते. डॉक्टरांनी गरज नाही म्हटले असेल तर त्यासाठी कर्ज काढू नये.

जखमेचा वास : वासामुळे माणसाला ओट्यावर किंवा पडवीत टाकतात. वास कमी करणारे औषध असते, ते नर्सकडून मागावे. ड्रेसिंग बदलण्याआधी वेदनेची गोळी देता येते का, हेही विचारावे. आणि आपण नाकाला पदर लावू नये. रोगी आपले डोळे बघत असतो.

शेवटची चिन्हे : झोप वाढते, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते. घरघरीने घरचे घाबरतात. एका कुशीवर वळवले तर बहुधा कमी होते. रोगी कधी गेलेल्या आप्तांशी बोलतो, त्यावर वाद घालू नये. डोळे मिटलेले असले तरी ऐकू येत असेल असे धरून चालावे. खाटेजवळ खर्चाच्या, जमिनीच्या गोष्टी काढू नयेत.

सेवा करणारी : बहुतेक घरी ही सून असते. दिवसा मजुरी, रात्री जागरण. तुम्ही एक रात्र खाटेजवळ बसलात तर ती झोपते. दिवसा चार तास बसलात तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत नाही. हेही दानच आहे, आणि पाकिटातल्या पैशापेक्षा घराला ते जास्त उपयोगी पडते.

खाटेशी सौदा नको

आता आपल्यातच बोलण्याची एक गोष्ट. आपण सेवा करतो त्यातले पुष्कळ लोक ख्रिस्ती नाहीत. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, कातकरी अशा आपल्या बांधवांचे स्वतःचे देव आहेत, रीती आहेत. मरणाऱ्या माणसाची शक्ती गेलेली असते, तो आपल्यावर अवलंबून असतो. आपण आणलेली पेज तो खात असतो. अशा वेळी त्याच्याकडून काही कबूल करून घेणे म्हणजे त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेणे आहे. शोमरोन्याने जखमी माणसाला बांधताना तुझा डोंगर कोणता, तू कुठे उपासना करतोस, असे विचारले नाही.

म्हणून नियम साधा ठेवू. प्रार्थना करू का, असे आधी विचारावे. नको म्हटले तर मनात करावी आणि हात धरून बसावे. घरच्यांनी भगताला बोलावले तर त्याच्याशी भांडू नये, बाजूला सरकून जागा द्यावी. कोणी आपणहून प्रभूविषयी विचारले तर आनंदाने, थोडक्यात सांगावे. आपली साक्ष आपल्या हातांच्या कामात दिसते. तेवढी पुरे नाही असे वाटत असेल, तर आपला भरवसा प्रभूवर किती आणि आपल्या बोलण्यावर किती, हे स्वतःला विचारावे.

आधी पाडा, मग खोली

आमच्या अनुभवात बहुतेक आदिवासी बांधवांना आपल्या पाड्यावर, आपल्या माणसांत जायचे असते. म्हणून पहिले काम त्यांना घरी नीट पोहोचवणे आणि घरी सेवा शिकवणे हेच. प्रत्येक मंडळीत निदान पाच जण तयार व्हावेत. एक सेवापेटी ठेवावी : सुती चादरी, मेणकापड, कापूस, हातमोजे, थर्मामीटर, लघवीचे भांडे, जाड उशी. एखादी डोके उंच करता येणारी खाट आणि हवेची गादी गरजेप्रमाणे उसनी देता यावी. आशाताई आणि उपकेंद्रातल्या नर्सताई यांना आधीच भेटून ठेवावे. त्यांच्याशिवाय हे काम चालणार नाही.

पण काहींना घर नसते. छप्पर गळते, पाडा रस्त्यापासून लांब असतो, घरचे सगळे मजुरीसाठी बाहेर गेलेले असतात, किंवा औषधासाठी काही दिवस नाशिकजवळ राहणे भाग असते. अशांसाठी नाशिक रोडला दोन खाटांची एक खोली असावी, असे माझ्या मनात बरेच दिवस आहे. तळमजल्याची, शेजारी चूल असलेली, घरच्या माणसाला झोपायला जागा असलेली. गाडगे महाराजांच्या दादरच्या धर्मशाळेने कर्करोग्यांच्या घरच्यांना कित्येक वर्षे आसरा दिला आहे. आपली खोली त्याहून फार लहान असेल. तिला डॉक्टरांचा आधार लागेल, कायदेशीर परवानग्यांची आधी चौकशी लागेल, आणि रात्री जागणारी माणसे लागतील. पैशाची विनंती मी आज करत नाही. माणसे मिळाली तरच पैशाचा विचार करू.

मृत्यूनंतर एक काम विसरू नये. मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो. पाड्यावर ही नोंद ग्रामपंचायतीत होते. दाखला नसला की सातबाऱ्यावर वारसाची नोंद अडते, विधवेला निराधार योजनेत अडचण येते. घरचा कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकदाच २०,००० रुपये मिळू शकतात. दुःखात असलेल्या घराला हे सुचत नाही. आपण दोन आठवड्यांनी जाऊन आठवण करावी, आणि तलाठी कार्यालयात सोबत जावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा ओळखीत या घडीला कोण खाटेवर आहे? शेवटचे कोण, केव्हा भेटून आले?
२. शोमरोनी, उतारशाळेचा मालक आणि गेथशेमानेतले शिष्य : आपली मंडळी आज यांपैकी कोणासारखी आहे?
३. मरणाऱ्याजवळ बसायला आपल्याला भीती कशाची वाटते? वास, रडणे, की आपलेच मरण?
४. रोगी ख्रिस्ती नसेल तर आपली सेवा कोणत्या बाबतीत वेगळी असावी, आणि कोणत्या बाबतीत मुळीच वेगळी नसावी?
५. महिन्यातून एक रात्र जागण्याची तयारी कोणाची आहे? नावे लिहून घ्या.

प्रार्थनेचे विषय

पाड्यांवर एकट्या पडलेल्या रोग्यांसाठी. रात्रंदिवस राबणाऱ्या सुना आणि लेकींसाठी. आशाताई, नर्सताई आणि वेदना कमी करणाऱ्या डॉक्टरांसाठी. आणि आपल्याला भीती सोडून जवळ बसण्याचे धैर्य मिळावे म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मी त्या मुलाला पुन्हा भेटले. शेजारच्या घरातला म्हातारा खाटेवर होता. मी नर्सताईंना घेऊन गेले होते. त्यांनी ओठ भिजवायला दाखवले तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता. नर्सताई उठल्या, तसा तो पुढे आला, कापूस घेतला आणि म्हणाला, “द्या, मी करतो.”

प्रभूच्या सेवेत,
तुमची बहीण,
नाशिक रोड